खूण न ठेवणारे आरोहण

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यात, धौज नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या काटेरी झुडपांनी वेढलेल्या ठेंगण्या टेकड्यांकडे राजधानीने दीर्घकाळ इमारतींस दगड व खडी पुरविणाऱ्या खाणी म्हणूनच पाहिले. ज्यांना त्याच कड्यांत आरोहणाच्या वाटा दिसल्या, त्या मोजक्या माणसांत मोहित ओबेरॉय यांचे नाव अग्रभागी येते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते कातळावर चढू लागले, आणि धौजच्या पारंपरिक प्रस्तरारोहणाचे शिल्पकार हा लौकिक त्यांनी प्रदीर्घ साधनेने संपादन केला.

गुजरातेतून निघून राजस्थान ओलांडीत सुमारे ७०० किलोमीटरांनी दिल्लीत विराम पावणारी अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक असून, थरच्या वाळवंटाची वाळू पूर्वेकडे सरकू न देण्याचे कार्य ती युगानुयुगे करीत आली आहे. धौजचा खडक क्वार्ट्झाइट, म्हणजे मूळचा वाळूचाच. परंतु भूगर्भातील उष्णता आणि दाब यांमुळे वाळूचे कण एकजीव होऊन तो इतका कठीण झाला की, सह्याद्रीच्या बेसॉल्टवर हात बसलेल्या आरोहकासही त्याच्या धारदार कडांशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

येथील मुख्य पद्धत अशी की, भोके पाडून कायमचे बोल्ट ठोकण्याऐवजी खडकाच्या नैसर्गिक भेगांतच आधार शोधावयाचा. तारेस जोडलेला ‘नट’ नावाचा पाचरीसारखा धातूचा तुकडा आरोहक भेगेच्या रुंद भागात सारतो, खाली निमुळत्या भागात ओढून घट्ट बसवितो आणि कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अडकवून तिच्यातून दोर ओवतो. नट नीट बसला असेल, तर पडणाऱ्याच्या भाराने अधिकच रुतून बसतो, आणि मागून येणारा सोबती बारीक सळीने टोकरून तो सहज काढून घेतो.

या शिस्तीचे मोल अमेरिकेच्या वाळवंटात विशेष कळले. व्यवसायाने गवंडी असलेला लेटन कोर १९६१ मध्ये हंटली इंगल्स यांच्यासह युटातील कॅसलटन टॉवर या सुळक्यावर पहिल्याने चढला, आणि त्याच्या धाडसाने तेथील सुळक्यांकडे आरोहकांचे लक्ष वेधले. परंतु त्या काळी सर्रास वापरात असलेले पिटन, म्हणजे पोलादी खिळे, वारंवार ठोकल्याने मऊ वालुकाश्मातील भेगा झिजत व फाकत. पुढे १९७६ मध्ये अर्ल विगिन्स व त्याच्या साथीदारांनी युटातीलच इंडियन क्रीक येथील ‘सुपरक्रॅक’ ही भेग हाताने बसविता-काढता येणाऱ्या साधनांच्या बळावर सर केली, आणि खडकास इजा न करताही दुर्घट आरोहण साधते हे सिद्ध झाले. धौजचा खडक त्याहून कितीतरी कणखर असला, तरी त्याच विवेकाने तेथे चढले जाते, हे मला अत्यंत मोलाचे वाटते.

खाणींचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांच्या अरवलीत खाणकामास मनाई केली. परंतु हुकमाने सुरुंग थांबविता येतो. टेकडीविषयीची आस्था मात्र तिच्या सहवासानेच उत्पन्न होते. ठेकेदाराच्या हिशेबी जो कडा म्हणजे अमुक इतके ट्रक खडी, त्याचीच एकेक भेग आरोहक नावाने ओळखतो. म्हणून नोकरीशिक्षणानिमित्त राजधानीत आलेल्या आणि सह्याद्रीच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मराठी तरुणांनी हिवाळ्यात जाणत्या मार्गदर्शकासह धौजला अवश्य जावे. ज्यांनी एखाद्या कड्यास स्वतःच्या हातांनी स्पर्श केला आहे, तेच उद्या त्याच्या रक्षणासाठी सर्वप्रथम उभे राहतील.