छायाचित्रातले धनुष्य

पूर्वी लग्नाच्या बोलणीत आधी फोटो यायचा. पोस्टकार्डाच्या आकाराचा, स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा. घरातली मंडळी तो आळीपाळीने पाहत. नाक सरळ आहे, उंची बरी दिसते, असे अभिप्राय निघत. पण फोटो कितीही आवडला तरी वडीलधारे एकच वाक्य बोलत, ‘प्रत्यक्ष पाहिल्यावर ठरवू.’ त्या एका वाक्यात फोटोची योग्यता आणि त्याची मर्यादा दोन्ही आल्या. यंदा मला ते वाक्य वारंवार आठवले. निमित्त मात्र लग्नाचे नव्हते, धनुष्यांचे होते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कर्जत तालुक्यात पोशीरला येऊन राहिलो. पुण्या-मुंबईकडची काही हौशी मंडळी आहेत. कुणी इंजिनिअर, कुणी शिक्षक, कुणी सुतारकामाचा नाद असलेला डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी ही माणसे रंधा आणि कानस घेऊन लाकडाची आणि बांबूची धनुष्ये घडवतात. त्यांनी आपापसात एक छोटीशी स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून तिघांना बोलावले. एक लाकडाचे जाणकार, दुसरे धनुर्विद्येचे निवृत्त प्रशिक्षक आणि तिसरा मी. माझी पात्रता विचाराल तर माझ्या एका कादंबरीत धनुष्य घडवणारा माणूस आहे, एवढीच. धनुष्ये कुरिअरने पाठवणे महाग आणि जोखमीचे. म्हणून प्रत्येकाने तीन फोटो पाठवायचे असे ठरले: दोरी उतरवलेले धनुष्य, दोरी चढवलेले धनुष्य आणि पूर्ण ताणलेले धनुष्य. दोन डझन धनुष्यांच्या फोटोंचे पाकीट माझ्या टेबलावर येऊन पडले.

आता धनुष्यात पाहायचे काय? नक्षी नव्हे, चकाकी नव्हे. ताणलेल्या धनुष्याची एक बाजू खेचली जाते आणि दुसरी दाबली जाते. नेमबाजाकडची पोटाची बाजू दाब सोसते, लक्ष्याकडची पाठीची बाजू ताण सोसते. हा भार लाकडाने सर्व लांबीभर वाटून घेतला तर धनुष्य टिकते. एकाच जागी वाकले तर सगळा भार त्या जागेवर येतो आणि धनुष्य कधी तरी तिथेच मोडते. म्हणून कारागीर धनुष्य एका खांबाला आडवे लावून दोरी थोडी थोडी खाली ओढतो, चार पावले मागे जाऊन वाक पाहतो आणि पुन्हा हत्यार घेतो. जिथे ताठ आहे तिथे तासायचे, जिथे आधीच वाकते तिथे हात लावायचा नाही. सगळी विद्या या एका नियमात आहे, आणि ती शिकायला वर्षे लागतात.

पूर्ण ताणलेल्या धनुष्याचा फोटो ही विद्या बऱ्यापैकी दाखवतो. दोन्ही बाहू सारखे वाकलेत का, मधे कुठे ‘गुडघा’ आलाय का, टोके ताठ राहिली आहेत का, हे डोळ्यांना दिसते. दोरी उतरवल्यावरचा फोटोही बोलका असतो. धनुष्याने बाक धरून ठेवला असेल तर लाकूड दबून गेले असे समजावे. पण तोच फोटो फसवतोही. कॅमेरा खाली धरला की खालचा बाहू लांब दिसतो. मोबाईलच्या रुंद भिंगात कडेच्या रेषा आपोआप वाकतात. दोरी उतरवल्याबरोबर काढलेला फोटो आणि तासाभराने काढलेला फोटो यांत फरक पडतो, कारण लाकूड विश्रांती घेऊन थोडे सरळ होते. एकाने धनुष्यामागे चौकटीची फरशी ठेवली होती. त्या चौकटींमुळे मला पट्टी लावून दोन्ही बाजू मोजता आल्या. ज्याला आपले काम तपासले जावे असे वाटते, तो फोटोतच मापाची सोय करून ठेवतो.

बँकेतल्या माणसाला हे नवीन नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सर्व विकास गटांत लागू झाला आणि आम्ही गावोगाव म्हशींसाठी कर्जे वाटली. प्रकरणाला म्हशीचा फोटो जोडलेला असे, शेजारी हात जोडून उभा असलेला कर्जदार. फोटोवरून एवढेच सिद्ध होई की फोटो काढला त्या दिवशी तिथे एक म्हैस होती. ती कुणाची, दूध किती देते, पुढच्या आठवड्यात त्याच गोठ्यात असेल का, याचे उत्तर फोटोत नसे. तीच म्हैस तीन प्रकरणांत तीन मालकांबरोबर उभी राहिल्याच्या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक ग्रामीण शाखेत ऐकायला मिळत. म्हणून विम्यासाठी म्हशीच्या कानात बिल्ला मारत आणि तपासणीला जाणारा अधिकारी आधी कान पाहत असे. कागद खोटा नसतो. तो फक्त अर्धे सांगतो.

ही सवय हाडात मुरलेली, म्हणून मी पाकीट काखेत मारून जवळच्या कातकरी वाडीवर गेलो. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी किंवा काथोडी. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातींत होते, त्यांतली ही एक. धनुष्य या समाजाने खेळ म्हणून हाती घेतले नव्हते, ते पोटाचे साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. ते प्राण्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. पण धनुष्याचे सामान जंगलातून आणणे त्याआधीपासूनच अवघड होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनउपज मानले, आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला तो थेट २०१७ साली. ज्यांच्या हातात ही कला होती त्यांना एक बांबू तोडताना इकडेतिकडे पाहावे लागे, ही गोष्ट आपण हौशी लोकांनी विसरू नये.

वाडीवरच्या त्या म्हाताऱ्या बाबांना मी नावे झाकून सगळे फोटो दाखवले. अंगणात गोणपाट टाकून आम्ही बसलो. ते एकेक फोटो लांब धरीत, मग जवळ आणीत. परीक्षकांच्या चर्चेत ज्याची सर्वांत वाहवा झाली होती तो फोटो त्यांच्या हाती आला. सुंदर कोरलेली मूठ, आरशासारखे रोगण. त्यांनी खालच्या बाहूवर बोट ठेवले.

‘सायेब, हा गुडघा बगा. हितं मोडंल.’

‘कधी मोडेल, बाबा?’

‘त्ये कसं सांगू? आज नाय तर उद्या. पोराच्या हातात देऊ नका.’

असे तीन फोटो त्यांनी बाजूला काढले. दोन फोटो पाहून मान डोलावली. त्यांतले एक धामणीच्या लाकडाचे, अगदी साधे, रोगणसुद्धा न लावलेले. धामण चिवट आणि लवचिक. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे तिचे धनुष्याशी नाते नावातच आहे. बाकीच्या सगळ्या फोटोंवर त्यांचा एकच शेरा होता, ‘नाय सांगता येत.’

मी विचारले, ‘हाती असते तर कसे पाहिले असते?’

‘कान लावला असता. हळू वढायचं. कुरकुरलं की थांबायचं. फोटूत आवाज कुटं हाय?’

मला त्यांचे नुसते ज्ञान मोठे वाटले नाही. आम्ही तिघा परीक्षकांनी सगळ्याच धनुष्यांना दहापैकी गुण देऊन टाकले होते, काहींना तर साडेसात आणि पावणेआठ. ज्याने आयुष्यभर धनुष्ये वाकवली तो मात्र बहुतेकांपुढे ‘सांगता येत नाही’ म्हणून थांबला. जाणकाराची ही खूण मी बँकेतही पाहिली आहे. सोने पारखणारा जुना सराफ दागिना हातात घेतल्याशिवाय, कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय भाव बोलत नसे.

आणि हाती धनुष्य असले तरी सगळे कळते असेही नाही. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यातून १३७ अखंड धनुष्ये मिळाली. चारशेहून अधिक वर्षे पाण्यात राहिलेले लाकूड पूर्वीसारखे ताठ नसते. म्हणून अभ्यासकांनी मापे घेऊन गणित मांडले, तशीच नवी धनुष्ये घडवून ओढून पाहिली, तेव्हा कुठे अंदाज आला की त्या धनुर्धरांना शंभर पौंडांहूनही जास्त ओढ पेलावी लागत असावी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाजवळचे धनुष्य १.८२ मीटर लांब होते, पण ते अर्धेच घडवलेले होते. आमच्या स्पर्धेत पूर्ण ताणलेला फोटो नाही म्हणून ते बाद ठरले असते. तरी त्याच्यावरचे हत्याराचे घाव इतके स्पष्ट आहेत की कारागिराचा हात त्यात दिसतो.

मैदानावर हा प्रश्न येत नाही. तिथे बाणच निकाल देतो. राजस्थानच्या उदयपूर भागातला आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि १९९२ साली बीजिंगला त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे जगज्जेते झाले, ते यंत्रासारख्या आधुनिक धनुष्यांवर. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ म्हणून अजूनही लाकडा-बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धा होतात, तीस आणि पन्नास मीटरवर. तिथे कुणी धनुष्याचा फोटो पाहून गुण देत नाही.

मग फोटोवरची स्पर्धा बंद करावी का? मला तसे वाटत नाही. गावोगाव विखुरलेल्या माणसांना एकमेकांचे काम दिसते, ते फोटोमुळेच. पण आजकाल फार्महाऊसच्या भिंतीसाठी किंवा मुलांना सुट्टीत खेळायला लोक फोटो पाहून धनुष्य विकत घेतात. बक्षीस मिळालेल्या धनुष्याचा फोटो त्यांच्यासाठी हमीपत्र होतो. आणि मोडणारे धनुष्य ताणलेल्या अवस्थेत मोडते, म्हणजे ओढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, तोंडाजवळ. तिथे चूक परवडत नाही.

आम्ही तिघे पुन्हा बसलो. वाद झाला. कोरीव मुठीच्या धनुष्याला कारागिरीचे गुण मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते, पण वाक सारखा नाही म्हणून पहिला क्रमांक गेला नाही. पहिले आले चौकटीच्या फरशीपुढचे, बहुमताने. धामणीचे दुसरे आले. निकालपत्रावर माझ्या आग्रहाने दोन ओळी छापल्या: ‘हे गुण छायाचित्रात दिसणाऱ्या घडणीचे आहेत. धनुष्य वापरण्याआधी जाणकाराकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे.’ कोरीव मुठीच्या मालकाला मी स्वतंत्र पत्र लिहून खालच्या बाहूची जागा कळवली आणि तोवर ते कुणाच्या हाती देऊ नये अशी विनंती केली.

त्याचे उत्तर आठ दिवसांनी आले. त्याने ती जागा सोडून बाकीचा बाहू पुन्हा तासायला घेतला आहे. धनुष्य आता पूर्वीपेक्षा हलके होणार, ते चालेल, असे त्याने लिहिले आहे. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ते तिच्यासाठीच होते. पाकिटात या वेळी फोटो नव्हता. काम झाले की घेऊनच येतो, असे शेवटच्या ओळीत होते.