घरपट्टीचें माप

कर किती, हा प्रश्न सर्वांना सुचतो; कर कशावर, हा थोड्यांनाच सुचतो. परंतु घरपट्टीच्या बाबतींत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्याचा अर्थ लागत नाहीं. मुंबईच्या घरपट्टीचा इतिहास हेंच सांगतो.

घरपट्टी वसूल करते महानगरपालिका. पण ती कशी आकारावी हें राज्याच्या कायद्यानें ठरतें. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमानें भाड्याचें माप घेतलें. घर वर्षाला वाजवीपणें जितक्या भाड्यानें जाईल, त्यांतून दुरुस्तीखर्चादाखल शेंकडा १० वजा करावे. उरेल तें करयोग्य मूल्य. दरमहा ५० रुपये भाडें धरल्यास वर्षाचे ६०० होतात आणि वजावट जातां ५४० उरतात. त्यावर ठरलेल्या दरानें कर बसे.

माप सरळ होतें. पण पुढें भाडेंच गोठलें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचें प्रमाणभूत भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधलें. सामान्य भाडेकऱ्याचा निवारा त्यामुळें टिकला. मात्र १९७९ सालीं दिल्लीच्या घरांविषयींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कायद्यानें जितकें भाडें घेतां येतें, त्यापलीकडे करआकारणीलाही जातां येणार नाहीं. परिणाम असा झाला कीं, जुन्या वस्तींतील प्रशस्त जागेवर नाममात्र कर, तर उपनगरांतील नव्या लहान सदनिकेवर त्याहून जड कर पडूं लागला.

म्हणून राज्यानें कायदा बदलला आणि १ एप्रिल २०१० पासून मुंबईंत भांडवली मूल्याचें माप आलें. मुद्रांक शुल्कासाठीं सरकार बाजारमूल्याचें जें दरपत्रक करतें, त्यांतील दर आधार मानून जागेचें क्षेत्रफळ, तिचा उपयोग, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचें वय हिशोबांत धरलें जातें. जुनी विषमता यानें कमी होते, पण नवी अडचण उभी राहते. भाडें दरमहा हातीं येतें. किंमत घर विकल्यावांचून हातीं येत नाहीं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाच्या घराचा भाव वाढतो, त्याचें उत्पन्न मात्र तेंच राहतें. या मापालाही सीमा आहे: मोकळ्या जमिनीवर पुढें किती बांधतां येईल, या संभाव्यतेवर आज कर घेतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं कायम केला.

अडचणीवर उतारा म्हणून सवलत येते. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईंतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ताकर माफ झाला. चाळींतील व लहान सदनिकांतील कुटुंबांना हा मोठाच दिलासा आहे. तथापि ही सवलत क्षेत्रफळ पाहते, मिळकत पाहत नाहीं. श्रीमंत वस्तींतील छोटें घर तिच्यांत बसतें. दूरच्या उपनगरांत थोड्या फुटांनीं मर्यादा ओलांडणारें गरिबाचें घर बसत नाहीं. शिवाय माफ झालेली रक्कम नाहींशी होत नाहीं. तिचा भार इतर घरांवर, दुकानांवर किंवा शहराच्या कामांवर येतो.

तेव्हां घरपट्टीचें बिल हातीं आल्यावर नागरिकानें केवळ शेवटचा आंकडा पाहून थांबूं नये. त्यांत क्षेत्रफळ, उपयोग आणि इमारतीचें वय बरोबर धरलें आहे कीं नाहीं, हें आधीं ताडून पाहावें व चूक दिसल्यास मुदतींत तक्रार नोंदवावी. माप चुकलें असेल, तर सौम्य दरही अन्याय करतो.