एकाचा तास, सगळ्यांचा पाठ

२०१० च्या डिसेंबरात 'पिसा' चाचणीचे निकाल जाहीर झाले आणि जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांच्या नजरा शांघायकडे वळल्या. पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासणारी ही चाचणी ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना घेते. शांघाय त्यात २००९ साली पहिल्यांदाच उतरलं होतं आणि तिन्ही विषयांत पहिलं आलं. पुढच्या फेरीत, २०१२ साली, गणितात शांघायचे सरासरी गुण ६१३ होते. ओईसीडी देशांची सरासरी होती ४९४.

घोकंपट्टी, छडी, परीक्षेची धास्ती, असा खुलासा तेव्हा अनेकांनी केला. मला तो कधीच पुरेसा वाटला नाही, कारण पिसातले प्रश्न पाठांतरावर सुटत नाहीत. शिवाय त्या निकालांतला एक आकडा पहिल्या क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे. किमान गणिती पातळीच्या खाली राहिलेली मुलं ओईसीडी देशांत सरासरी २३ टक्के होती, शांघायमध्ये ४ टक्क्यांहूनही कमी. हुशार मुलं कुठल्याही शहरात सापडतात. मागे पडणारं मूल जवळजवळ दिसेनासं होणं, हे मात्र व्यवस्थेचं काम असतं.

ती व्यवस्था समजून घ्यायची तर वर्गाआधी शिक्षकखोलीत जावं लागतं. शांघायच्या शाळेत एका विषयाचे शिक्षक एकाच खोलीत, शेजारीशेजारी बसतात. या विषयगटाला तिथे 'ज्याओयानझू' म्हणतात, म्हणजे अध्यापनाचा अभ्यास करणारा गट. चीनमध्ये ही पद्धत १९५० च्या दशकात रुजली. गटाची बैठक साधारण दर आठवड्याला होते. पुढचा घटक कसा शिकवायचा, मुलं नेमकी कुठे अडतात, उदाहरण कुठलं आधी घ्यायचं, यावर चर्चा होते. मग एक जण तो पाठ घेतो आणि बाकीचे मागच्या बाकांवर बसून टिपणं काढतात. तास संपल्यावर त्या पाठाची चिकित्सा होते आणि सुधारलेला पाठ दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गावर घेतो. शाळेच्या वर जिल्ह्याचं आणि त्याच्या वर शहराचं अध्यापन-संशोधन कार्यालय असतं. तिथले संशोधक मुळात कसलेले शिक्षकच असतात.

यासाठी वेळ कुठून येतो? तो मुद्दाम राखून ठेवलेला असतो. शांघायचा शिक्षक आठवड्याला साधारण बारा ते पंधरा तासच शिकवतो, म्हणजे कामाच्या वेळेचा सुमारे एक तृतीयांश भाग. प्राथमिक शाळेतही गणिताला स्वतंत्र विषयशिक्षक असतो आणि त्याच्याकडे बहुधा दोनच वर्ग असतात. उरलेल्या वेळात तो वह्या तपासतो, त्याही त्याच दिवशी. ज्याचं गणित चुकलं त्या मुलाला दुपारीच जवळ बसवून ते समजावून देतो. दुसऱ्या दिवशीचा पाठ सुरू होईल तेव्हा सगळा वर्ग एकाच जागी उभा असावा, हा त्यामागचा आग्रह. माझ्या मते त्या चार टक्क्यांचं रहस्य सर्वांत जास्त इथेच आहे.

नवीन शिक्षकाला एकटं सोडलं जात नाही. त्याची एका अनुभवी शिक्षकाशी गुरू-शिष्य अशी जोडी लावतात. दोघं एकमेकांच्या वर्गात बसतात. बढतीसाठी केवळ सेवेची वर्षं भरून चालत नाही. इतरांसमोर खुला पाठ घ्यावा लागतो आणि आपल्या अध्यापनावर लेखनही करावं लागतं.

या परंपरेतलं ठळक नाव गू लिंगयुआन यांचं. शांघायच्या ग्रामीण भागातल्या चिंगपू इथे ते गणित शिकवत. सांस्कृतिक क्रांती संपल्यावर, १९७७ साली, तिथल्या विद्यार्थ्यांची गणिताची चाचणी घेतली तेव्हा निकाल इतका वाईट लागला की उत्तीर्ण होणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत. गू आणि त्यांचे सहकारी चांगल्या शिक्षकांच्या वर्गांत जाऊन बसले. ते काय करतात याची नोंद केली, त्यातलं खरोखर उपयोगी काय ते प्रयोगांनी पारखलं आणि मग ते सर्वत्र नेलं. १९८० च्या दशकात चिंगपूने शहराची सरासरी मागे टाकली.

गूंनी शब्दांत मांडलेली पद्धत 'बदलातून शिकवणं' म्हणून ओळखली जाते. उदाहरणार्थ त्रिकोणाचा शिरोलंब घ्या. पुस्तकात पाया आडवा असतो आणि लंब सरळ खाली उतरतो, म्हणून मूल 'खाली जाणारी उभी रेघ' एवढंच लक्षात ठेवतं. शांघायचा शिक्षक तोच त्रिकोण फिरवून काढतो. मग विशालकोन त्रिकोण काढतो, ज्यात लंब आकृतीबाहेर पडतो. मग शिरोलंब नसलेली, पण तशी भासणारी रेघ दाखवतो आणि विचारतो, हा आहे का? का नाही? एका तासात कल्पना एकच असते, पण ती सर्व बाजूंनी हाताळली जाते.

दुसरी मोठी गोष्ट कमजोर शाळांची. सक्तीच्या शिक्षणाच्या नऊ वर्षांत मुलाला घराजवळच्या शाळेत प्रवेश, हे तत्त्व शांघायने धरलं. २००७ पासून शहराने आणखी एक पाऊल टाकलं: नावाजलेल्या शाळेशी करार करायचा आणि तिच्याकडे दोन वर्षांसाठी ग्रामीण भागातली दुबळी शाळा सोपवायची. चांगली शाळा आपले अनुभवी शिक्षक आणि प्रशासक तिथे पाठवते आणि मुदत संपल्यावर प्रगतीचं मूल्यमापन होतं. यशस्वी शाळेचं काम स्वतःच्या कुंपणापाशी संपत नाही, हे इतक्या स्पष्टपणे धोरणात उतरवणारी शहरं फार थोडी आहेत.

२०१४ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण राज्यमंत्री लिझ ट्रस शांघायला गेल्या. त्यानंतर दोन्हीकडच्या शिक्षकांची देवाणघेवाण सुरू झाली. २०१६ मध्ये इंग्लंडने शांघायची गणित शिकवण्याची पद्धत आपल्या निम्म्या प्राथमिक शाळांपर्यंत नेण्यासाठी ४.१ कोटी पौंड जाहीर केले. शांघायची पाठ्यपुस्तकंही तिथे भाषांतरित झाली. पण इंग्लंडमधला प्राथमिक शिक्षक बहुतेक सगळे विषय शिकवतो आणि त्याचा जवळजवळ सारा दिवस वर्गात जातो. पुस्तक विमानाने आणता येतं, वेळापत्रक आणता येत नाही.

आता जे खुपतं तेही सांगितलं पाहिजे. २०१२ च्या पिसानुसार शांघायची मुलं आठवड्याला सुमारे १४ तास गृहपाठ करत होती, सहभागी देश-प्रदेशांत सर्वाधिक. त्यावर खासगी शिकवण्या. २०२१ मध्ये चीन सरकारने नफ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या शालेय विषयांच्या शिकवण्यांवर बंदी घातली, त्यामागे हे ओझंही होतं.

याहून गंभीर प्रश्न स्थलांतरितांचा आहे. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या सुमारे २.४९ कोटी होती आणि त्यातले एक कोटीहून अधिक लोक बाहेरून आलेले होते. 'हुकौ' ही वास्तव्याची नोंद शांघायची नसेल, तर मुलाला नवव्या इयत्तेपर्यंत शाळा मिळू शकते, पण पुढे सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेचं दार बहुतेकांसाठी बंद होतं. कित्येक मुलं आईवडिलांना सोडून गावी परततात. पिसा पंधराव्या वर्षी होते, म्हणजे नेमकी ही मुलं शहर सोडू लागतात त्या वयात. टॉम लव्हलेस या अमेरिकी अभ्यासकाने २०१३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता.

तरीही शिक्षकांबद्दलचा माझा निष्कर्ष बदलत नाही. परीक्षेचा ताण आणि गृहपाठाचे डोंगर आशियात इतरत्रही आहेत. त्यांनी आपोआप असे निकाल दिलेले नाहीत. एकमेकांचा पाठ पाहायला जागा आपल्याकडेही आहे: केंद्रपातळीवर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषदा भरतात. तुम्ही शिक्षक असाल, तर पुढच्या परिषदेत परिपत्रकांचं वाचन थोडं आवरा आणि सर्वांसमोर एक पाठ घ्यायची मागणी करा. आणि तुम्ही अधिकारी असाल, तर त्या पाठाच्या तयारीसाठी शिक्षकाचे तास कमी करा.