विहिरीतला पाषाण आणि ओट्यावरचा ग्रॅनाइट

विहीर खोदताना "पाषाण लागला" असा निरोप आला की मालकाचा चेहरा उतरतो. सुरुंगाचा खर्च वाढतो, सोसायटीचे कर्ज वाढते, आणि पाणी लागेलच असे नाही. म्हणून हा पाषाण आहे काय चीज, आणि हल्ली घरोघरी स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवतात तो ग्रॅनाइट त्याचा कोण लागतो, हे माहीत असलेले बरे.

दोन्ही दगड अग्निजन्य, म्हणजे वितळलेला शिलारस निवून झालेले. ग्रॅनाइटचा रस जमिनीच्या पोटात काही किलोमीटर खोल अडकला आणि तिथेच अगदी सावकाश निवला. पाक हळूहळू निवला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात, भरभर निवला की बारीक कणी पडते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून ग्रॅनाइटमध्ये पांढरे, गुलाबी, काळे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून पातळ रस वर आला, पसरला आणि उघड्यावर लवकर निवला. कण बारीक राहिले. रसही वेगळाच. ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास, बेसॉल्टमध्ये 50 च्या. बेसॉल्टमध्ये लोह व मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो काळा आणि वजनाला जड. हाच झिजून आपली काळी जमीन झाली. (बाजारात "काळा ग्रॅनाइट" म्हणून जो विकतात, तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, बेसॉल्टचाच भाऊबंद असतो. भाव मात्र ग्रॅनाइटचा!)

असे थरावर थर किती साचले? 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास पुष्कळ झाला. गोठणे येथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले, ते 2017 साली पुरे झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टच बेसॉल्ट, आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. म्हणजे पाषाण फोडत गेलो की खाली मऊ काही लागेल, ही आशा सोडावी.

पण प्रत्येक थर सगळा सारखा नसतो. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. हाच मांजऱ्या. तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो, आणि पाणी बहुधा या मुरमात, कुजलेल्या मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यात सापडते. घट्ट पाषाणाला भेग असली तरच झरा, नाही तर कोरडा. दोन थरांमध्ये कधीकधी तांबडी माती लागते, तिच्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही.

मलकापूरकडे पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, त्याचे एक कारण हेच. खडकात साठवायला जागा थोडी, आणि उतार जास्त.

तेव्हा पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून लगेच बोअरची गाडी बोलावू नका. आधी शेजारच्या दोन-चार विहिरींत उतरून कोणता थर किती हातांवर आहे, झरा कोणत्या थरातून येतो, ते पाहा आणि लिहून ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गेलात तर तो कागद सोबत न्या.