भंगारमूल्यापलीकडचे मोल

आकुर्डी, निगडी किंवा चाकणच्या रस्त्यांवर 'बजाज व्ही' ही मोटारसायकल अजूनही अधूनमधून दृष्टीस पडते. तिच्या इंधनटाकीच्या धातूत 'आयएनएस विक्रांत' या आपल्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेचे वितळवलेले पोलाद आहे. नौका मोडीत निघाल्यावर आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने तिचे काही पोलाद विकत घेतले आणि २०१६ मध्ये ही गाडी बाजारात आणली. आपल्या औद्योगिक पट्ट्यात लोखंडाचे रूप पालटणे ही नित्याची गोष्ट आहे. तथापि जी नौका नातवंडांना हाताला धरून दाखवता आली असती, ती आता गाड्यांच्या टाक्यांतून उरली आहे, ही जाणीव मन खिन्न करते.

विक्रांतची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. युद्ध संपल्यावर काम थांबले आणि अर्धवट नौका तशीच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करवून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते व वेग मर्यादित ठेवावा लागत होता. तरीही ती बंगालच्या उपसागरात उतरली. ४ डिसेंबरला तिच्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करण्यात तिचा वाटा मोठा होता.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे मुंबईच्या नौदल गोदीत ती संग्रहालय म्हणून उभी होती, परंतु जीर्ण झालेला तळ धोकादायक ठरल्याने २०१२ मध्ये ते दर्शन बंद झाले. २०१४ मध्ये लिलावात तिला सुमारे ६० कोटी रुपये आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या दारुखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले.

बँकेतील हिशेबाची सवय असलेल्या माणसाला या व्यवहारात नवल वाटत नाही. प्रत्येक मालमत्तेवर दरसाल घसारा धरला जातो आणि आयुर्मान संपले की उरते ते भंगारमूल्य. जुनी नौका सांभाळणे हा तर केवळ खर्चाचाच बाजू असलेला जमाखर्च. खारे पाणी अहोरात्र पोलाद खात असते. तळाची दुरुस्ती करायची तर नौका कोरड्या गोदीत घ्यावी लागते. शिवाय विजेची व्यवस्था, आगीपासून बचाव आणि पाहुण्यांची सुरक्षितता हे सारे आलेच. या खर्चाला कायमचे उत्पन्न जोडले नाही, तर केवळ भावनेवर कोणतीही नौका तरंगत राहत नाही.

'विराट'च्या बाबतीत हेच घडले. १९८७ मध्ये भारतीय नौदलात आलेली ही विमानवाहू नौका २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. ते प्रत्यक्षात आले नाही. २०२० मध्ये ३८.५४ कोटी रुपयांना विकली जाऊन ती गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली. ८५२ आणि ३८.५४ हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले, म्हणजे अडचण कोठे होती ते ध्यानी येते.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी काहींनी सॅन डिएगोची 'मिडवे' पाहिली असेल. २००४ पासून ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून खुली आहे आणि वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक लोक तिकीट काढून ती पाहतात. निवृत्त नौसैनिक व वैमानिक तेथे स्वयंसेवक म्हणून माहिती सांगतात. तेथेही गंज चढतोच. पण प्रेक्षकांची रांग तो खर्च पेलते.

म्हणूनच आपल्याकडे जे उरले आहे, ते पाहायला जाणे अगत्याचे वाटते. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ मध्ये सुरू झालेले नौदल हवाई संग्रहालय आहे. विक्रांत गेली, पण तिच्यावरून उडणारी सी हॉक आणि अलिझे या जातीची विमाने येथे अंगणात उभी आहेत. विमानाच्या शेपटीखालचा आकडा मुलांना आवर्जून दाखवावा. जेमतेम २१३ मीटर लांबीच्या नौकेवर विमान थांबवायचे कसे, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. उतरताना तो तळावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमानाचा वेग क्षणात मोडतो. जागा वाचावी म्हणून पंखही दुमडतात. पलीकडे जवळजवळ सरळ खाली उतरू शकणारे 'सी हॅरियर' दिसते. एकाच अडचणीची ही दोन निराळी उत्तरे आहेत. यंत्रांच्या गावात वाढलेल्या आपल्या मुलांना ही भाषा चटकन समजते.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून जमिनीवर आणून ठेवलेली आहे. तिच्या आत शिरले की अरुंद वाटेने वाकून चालावे लागते आणि तेथे महिनोन्महिने राहणाऱ्या माणसांचे जीवन न सांगता उमगते. गिरनार वा सोमनाथच्या बाजूला यात्रेस जाणाऱ्यांना दीव फार दूर नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी तेथील समुद्रात 'खुकरी' ही नौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही, आणि त्यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. त्यांचे स्मारक किनाऱ्यावर आहे. त्याच नावाची पुढची नौका निवृत्तीनंतर २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आली. ही ठिकाणे पाहताना युद्धाचा अभिमान बाळगण्याची आवश्यकता नाही. युद्धात माणसे कोणती किंमत मोजतात, हे तेथे कळते आणि ते कळणे कोणाही सुजाण कुटुंबाला उपकारकच आहे.

दूर जाणे शक्य नसेल, तर पुण्याच्या लष्कर भागातील राष्ट्रीय युद्धस्मारक आहेच. नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले हे स्मारक १९९८ पासून खुले असून तेथे मिग-२३ विमान जवळून पाहता येते. पिंपरी-चिंचवडहून रविवारच्या एका सकाळी जाऊन येता येईल.

दोन सूचना व्यवहाराच्या. अशी बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि जेथे तिकीट आहे, तेथे ते खुशीने काढावे. सवलत मिळते की नाही, यावर खिडकीशी वाद घालू नये. त्या रकमेतूनच तेथील लोखंडाला रंग लागतो.