विद्यापीठ म्हणजे मोठं कॉलेज नव्हे

गटाच्या बैठकीत मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगी तालुक्यालाच बी.ए. करते. नागपूरच्या विद्यापीठात नाही शिकली, तर त्या पदवीला काही किंमत राहते का?" विचारणारीचं चुकत नाही. दर महिन्याला शंभर-दोनशे टाकून जमवलेल्या पैशातून कर्ज उचलायचं, तर कागद कशाचा मिळणार हे आधी कळलंच पाहिजे.

तर ऐका. विद्यापीठ म्हणजे नागपुरातलं एक मोठं कॉलेज नव्हे. आपल्या मुलीला रोज शिकवतं ते कॉलेज. ते उमरेडला असेल, काटोलला, हिंगणघाटला किंवा तुमसरला. पण तिनं काय शिकायचं हे ठरवतं विद्यापीठ, आणि पदवी देतं तेही विद्यापीठच. म्हणून तुमसरच्या मुलीच्या पदवीवर आणि नागपुरातल्या नावाजलेल्या कॉलेजातल्या मुलीच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच असतं. याशिवाय विद्यापीठाचे स्वतःचे विभाग असतात. तिथे एम.ए., एम.एस्सी. होतं, पीएच.डी. होते, संशोधन चालतं.

आपलं नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 ला सुरू झालं. त्याआधी नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं होती, पण पदवी मिळायची अलाहाबाद विद्यापीठाची आणि त्याच्याही आधी कलकत्त्याची. शिकायचं इथं आणि शिक्का हजार कोसांवरचा. नवं विद्यापीठ झालं तेव्हा सहा कॉलेजं आणि 927 विद्यार्थी होते. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. तेव्हा त्याची हद्द थेट जबलपूरपर्यंत होती. पुढे एकेक भाग वेगळा होत गेला. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ झालं, 2011 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे उरलेत.

हे सगळं सरकारच्या पैशावरच उभं राहिलं असंही नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे खाणमालक होते. त्यांनी 1930 मध्ये मृत्युपत्रानं सुमारे 35 लाख रुपये विद्यापीठाला ठेवले. त्या काळचे 35 लाख! त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली.

आता तिथून शिकून गेलेल्यांबद्दल. मोठी नावं पुष्कळ आहेत. मॉरिस कॉलेजातले मोहम्मद हिदायतुल्ला देशाचे सरन्यायाधीश झाले, 1969 मध्ये काही दिवस राष्ट्रपतिपदही त्यांनी सांभाळलं. शरद बोबडे अलीकडचे सरन्यायाधीश, तेही इथलेच. पंतप्रधान झालेले नरसिंह राव यांनी कायद्याचं शिक्षण नागपुरातच घेतलं. 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं मुलांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना दार उघडलं होतं. मला स्वतःला या विद्यापीठाचा सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो.

पण आपल्या कामाची नावं वेगळी आहेत. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. मेडिकलच्या पदव्या तेव्हा नागपूर विद्यापीठच द्यायचं. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ 1998 चं. डॉ. अभय बंगही त्याच कॉलेजचे. पुढे दोघं अमेरिकेत शिकून आले आणि गडचिरोलीत राहिले. तिथं राणीताईंनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. शंभरातल्या 92 जणींना अंगावरून जाणं, आतली सूज असा काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि याआधी डॉक्टरकडून अशी तपासणी करून घेतलेल्या होत्या शंभरात जेमतेम आठ. बाया दुखणं अंगावर काढतात हे आपल्या आयांना, सासवांना माहीत होतंच. पण ते आकड्यात मांडलं गेलं आणि 1989 मध्ये लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना दखल घ्यावी लागली. संशोधन म्हणजे दुसरं काय असतं?

त्यांचं दुसरं काम तर तुमच्या घरात येऊन गेलंय. गावातल्याच बाईला शिकवलं तर ती घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकते, बाळं वाचतात, हे बंग दांपत्यानं गडचिरोलीच्या खेड्यांत दाखवून दिलं. नंतर सरकारनं ती पद्धत देशभर उचलली. बाळंतपणानंतर आशाताई बेचाळीस दिवसांत पुन्हा पुन्हा येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, ते त्यातूनच आलं.

दुसरं नाव कुमुद पावडे. माहेरच्या सोमकुवर, दलित घरातली मुलगी. संस्कृत शिकायचं ठरवलं तेव्हा लोक हसले, तुझ्या जातीत संस्कृत कुणी शिकतं का म्हणाले. त्या संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. तरीही नोकरीसाठी खेटे घालावे लागले. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, आणि मग सरकारी कॉलेजात नोकरी मिळाली. 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की नेमणुकीचं श्रेय कुमुद सोमकुवरला नाही, पावडे या आडनावाला जातं. वाचनालयात मिळालं तर हे पुस्तक गटात मोठ्यानं वाचा. पदवीनं सगळी दारं आपोआप उघडत नाहीत हे त्यात आहे, आणि पदवी नसती तर त्या दारापर्यंत पोचताच आलं नसतं हेही आहे.

शिकवणाऱ्यांमधले एकच सांगते. वा. वि. मिराशी संस्कृतचे प्राध्यापक, 1919 मध्ये मॉरिस कॉलेजात आले. जुने ताम्रपट वाचून त्यांनी वाकाटक राजांचा इतिहास जुळवला. रामटेकजवळच्या नगरधनला त्यांची राजधानी होती. तिथली राणी प्रभावतीगुप्ता हिनं नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावानं राज्य चालवलं, आणि जमीन दान दिल्याचे ताम्रपट स्वतःच्या नावानं काढले. सोळाशे वर्षांपूर्वी जमिनीच्या कागदावर बाईचं नाव! आणि आज सातबाऱ्यावर नाव चढवायला आपण किती चकरा मारतो.

2005 पासून विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांचं शाळेतलं शिक्षण अगदी थोडं. पण त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर एक अख्खा अध्याय आहे.

आता कामाचं. विद्यापीठाचा कारभार कुलगुरू एकटे बघत नाहीत. अधिसभा म्हणजे सिनेट असते. त्यात नोंदणी केलेल्या पदवीधरांनी मत देऊन निवडलेले दहा जण असतात, एक जागा बाईसाठी राखीव असते. परीक्षा केंद्र किती लांब आहे, निकाल का रखडला, फी का वाढली, हे तिथं विचारता येतं. मी बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले, तरी माझ्या मताचं वजन तेवढंच. आपल्या गटांत पदवीधर सुना आहेत, मुली आहेत. मतदार यादीत त्यांची नावं नसतात, कारण नोंदणी करावी लागते हेच कुणी सांगत नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते आणि नोंदणी त्याच्या आधी सुरू होते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, तिथं वेगळा अर्ज.

पदवी प्रमाणपत्र घरात आहे का ते आधी बघा. गुणपत्रिका म्हणजे पदवी प्रमाणपत्र नव्हे. बऱ्याच जणी गुणपत्रिकेवर थांबतात आणि प्रमाणपत्र मागायलाच जात नाहीत. आपल्या कॉलेजात चौकशी करा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या.