यंत्राची भाषा वाचू या : सॉफ्ट स्टार्टरचे फॉल्ट कोड

आपल्या सभासदांची कितीतरी मुले आय.टी.आय. किंवा पदविका पूर्ण करून एम.आय.डी.सी.तील कारखान्यांत आणि पाणीपुरवठ्याच्या पंपघरांत काम करीत आहेत. त्यांतील पुष्कळजण कंत्राटी आहेत. मोटार बंद पडते, पॅनेलवर दोन-तीन अक्षरे लुकलुकतात आणि वरून हुकूम येतो, "रिसेट मार." मोटार जळाली की ठपका मात्र बटण दाबणाऱ्यावर बसतो. म्हणून ही अक्षरे वाचता येणे हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

प्रथम सॉफ्ट स्टार्टर म्हणजे काय ते पाहू. मोटार थेट लाइनवर सुरू केली की ती पूर्ण भाराच्या सुमारे ६ ते ८ पट प्रवाह ओढते. त्यामुळे व्होल्टेज पडते, पट्ट्यांना व कपलिंगला हिसका बसतो. सॉफ्ट स्टार्टरमधील थायरिस्टर मोटारीला मिळणारे व्होल्टेज हळूहळू वाढवतात व हा हिसका टाळतात. मात्र व्होल्टेज निम्मे झाले की मोटारीचा जोर पाव होतो, हा नियम विद्यार्थ्यांनी पक्का लक्षात ठेवावा.

प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, म्हणून त्या यंत्राचे पुस्तक जवळ असलेच पाहिजे. उदाहरणादाखल अल्टिस्टार्ट ४८ या स्टार्टरचे काही कोड घेऊ.

'पीएचएफ' म्हणजे फेज गेली. फ्यूज, कॉन्टॅक्टर, ढिले लग आणि मोटारीची केबल तपासावी.

'पीआयएफ' म्हणजे फेजचा क्रम उलटा. केबलचे काम झाल्यावर हा हमखास दिसतो. सप्लायच्या बाजूचे दोन फेज बदलावेत व मोटार कोणत्या दिशेने फिरते ते पाहावे.

'एसटीएफ' म्हणजे ठरलेल्या वेळात मोटार पूर्ण वेगाला पोचली नाही. भार जड आहे किंवा यंत्र अडकले आहे, नाहीतर प्रवाहाची मर्यादा फार कमी ठेवल्याने जोर अपुरा पडतो आहे. कारण न शोधता नुसती वेळ वाढवू नये.

'ओएलएफ' म्हणजे मोटारीवर जास्त भार. स्टार्टर प्रवाहावरून मोटारीच्या उष्णतेचा हिशेब ठेवतो. बेअरिंग पाहावे आणि मोटारीच्या पाटीवरील अँपिअर व सेटिंग जुळते का तेही पाहावे.

'ओएचएफ' म्हणजे स्टार्टर स्वतःच तापला. पंखा बंद, जाळीत धूळ किंवा तासाभरात फार वेळा चालू-बंद, ही नेहमीची कारणे.

'यूएलएफ' म्हणजे भार फारच कमी. पंप कोरडा चालतो आहे किंवा पट्टा तुटला आहे.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात पंपाच्या मोटारीवर जास्त भाराचा कोड येत होता. सुपरवायझरच्या सांगण्यावरून हेल्परने तो चार वेळा रिसेट केला. बेअरिंग अडकले होते, ते कोणी पाहिलेच नाही. वाइंडिंग जळाले आणि हेल्परचे काम गेले. कोड काय होता, रिसेट कोणी सांगितले, याची कुठेच नोंद नव्हती.

म्हणून आमची विनंती अशी की, कोड दिसताच आधी वहीत लिहावा. कोड, वेळ, अँपिअर, व्होल्टेज, त्या वेळी यंत्र काय करीत होते आणि रिसेट कोणाच्या आदेशाने केले, एवढे लिहिले तरी पुरे. कारण शोधायला ही नोंद उपयोगी पडते व आपल्या बाजूने साक्षही देते.

आता जिवाची गोष्ट. मोटार थांबली म्हणजे वीज गेली असे नव्हे. बंद थायरिस्टरमधूनही थोडी गळती होते व मोटारीकडील टोकांवर धोकादायक व्होल्टेज असू शकते. आयसोलेटर बंद करून कुलूप लावावे, पाटी अडकवावी, टेस्ट करावे आणि मगच हात घालावा. मोटारीचे मेगर घेताना स्टार्टरच्या तारा सोडवाव्यात, नाहीतर थायरिस्टर जातात. स्टार्टर आणि मोटार यांच्या मध्ये कपॅसिटर बसवू नये.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे विजेच्या नियोजनाचा विषयही होता. वीज आणि कामगार या दोन्हींचा विचार त्यांनी एकाच टेबलावर केला, ही आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याची बाब आहे. आणि कारणाशिवाय काही घडत नाही, हे तर भगवान बुद्धांच्या धम्माचे मूळ होय. रिसेटने लक्षण पुसले जाते, पण कारण तसेच राहते. कारण शोधणारा कामगारच खरा तंत्रज्ञ होतो, आणि त्याच्यावर खोटा ठपका ठेवणे सहजासहजी कोणाला जमत नाही.

जयभीम!